मोतिया जोंगा

जबलपुरात गाडी खोलायला घेतली की सल्ला मागावा लागत नाही. तो फाटक ढकलून आपणच आत येतो, टूलबॉक्सवर बैठक मारतो आणि चहाची वाट बघतो. इतर गावांत जुन्या गाड्यांचा नाद लागलेल्या माणसाला जाणकार शोधत हिंडावं लागतं. इथे आलेल्या जाणकारांना परत घरी कसं पाठवायचं, ही अडचण असते. गन कॅरेज फॅक्टरी 1904 सालची, खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना दुसऱ्या महायुद्धातला, व्हेइकल फॅक्टरी 1969 ची. पिढ्यान्‌पिढ्या या शहराने सरकारी पगारावर लोखंडाला लोखंड जोडलं. त्यामुळे इथला रिटायर माणूस सकाळी हास्यक्लबात जात नाही. तो दुसऱ्याच्या गाडीचे बोल्ट बघायला जातो.

आमच्या दादाने गाडी खोलली ती गोरखपुरातल्या घराच्या अंगणात. हे गीता प्रेसचं गोरखपूर नव्हे. ते उत्तर प्रदेशात राहिलं. आमचं गोरखपूर म्हणजे जबलपूरचा एक मोहल्ला. कायम गजबजलेला बाजार, गुरुद्वारा, दुकानांच्या मागे दोन स्कूटर एकमेकींना कशाबशा ओलांडतील अशा गल्ल्या, आणि जवळच हाऊबाग स्टेशन. गोंदियाची छोटी लाईन इथूनच जायची, 2015 साली ती बंद झाली. आमच्या आजोबांसारखी कितीतरी मराठी माणसं याच छोट्या गाडीतून ट्रंका घेऊन इथे उतरली. नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथून 1817 मध्ये उठला होता, पण 1956 पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते, त्यामुळे इकडे बदली होऊन येणाऱ्याला आपण परमुलखात चाललो असं वाटत नसे. पुढे प्रांत वाटले गेले. आम्ही जिथे होतो तिथेच राहिलो.

गाडी म्हणजे जोंगा. ज्यांनी ती पाहिलेली नाही त्यांनी एक लांब नाकाची, चौकोनी, कुणाचीही भीडभाड न ठेवणारी जीप डोळ्यांसमोर आणावी. जपानच्या निस्सान कंपनीची 'पॅट्रोल' नावाची गाडी होती, तिचा परवाना घेऊन जबलपुरात सैन्यासाठी ही बनवली जाई. नाव ऐकून ती जपानी किंवा आफ्रिकी वाटते, पण ती आद्याक्षरं आहेत: जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली. सहा सिलिंडरचं, चार लिटरला थोडं कमी असं पेट्रोल इंजिन. मायलेजचा विषय जोंगावाल्यांच्या घरी जेवताना काढू नये. 1999 पर्यंत ती बनत होती. सैन्याने तिची जागा जिप्सीला दिली आणि जोंगा लिलावांत जाऊ लागल्या. 2019 मध्ये धोनी रांचीत जोंगा चालवताना दिसला, वर्तमानपत्रांत फोटो आले, आणि तेव्हापासून भंगारवालेसुद्धा 'धोनीवाली गाडी' म्हणून भाव सांगू लागले.

दादाने ती घेतली तेव्हा इंजिन खणखणीत होतं आणि बॉडी चाळणी झाली होती. बॉडी चॅसीवरून उचलली, पत्रा कापला, नवा जोडला, घासली, लांबी भरली, प्रायमर मारला आणि रंगाला धाडली. या भागात सांगण्यासारखं फार नाही. पत्रा ठोकणाऱ्याचं काम आवाजाचं असतं आणि शेजाऱ्यांनी तो आवाज मोठ्या मनाने सोसला.

खरी गंमत रंग ठरवताना झाली. जोंगा जन्मते ऑलिव्ह ग्रीन. आणि नेमका तोच रंग तिला पुढे लावता येत नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, नियम 121: संरक्षण खात्याची नसलेली कोणतीही गाडी ऑलिव्ह ग्रीन रंगवता येणार नाही. फौजेतून सुटली की वर्दी उतरवायची. दादाला हे माहीत होतं, तरी त्याच्या मनात कुठेतरी असं होतं की रात्री कोण बघतंय. वहिनी म्हणाली, "रात्री बघणार नाहीत, दिवसा चालान फाडतील." मग बैठक बसली. आईने पांढरा सुचवला, कारण पांढऱ्यावर ऊन कमी तापतं. स्पेअर पार्टवाल्या सरदारजींनी लाल सुचवला, कारण त्यांच्या दुकानात लाल शिल्लक होता. पलीकडच्या गल्लीतले काका व्हेइकल फॅक्टरीत आयुष्य काढून रिटायर झालेले. ते म्हणाले, "जोंगाचा रंग एकच. बाकी सब तमाशा है." आणि चहा पिऊन गेले. शेवटी वहिनीने तिच्या लग्नातल्या शालूचा काठ दाखवला आणि मोतिया रंग कायम झाला. रंगून आली तेव्हा ती सुंदर दिसत होती, यात शंका नाही. पण हवालदाराला कुणीतरी शेरवानी घालून वरातीत उभं केलं आहे, असंही वाटत होतं.

आणि इथून दादा बदलला.

रंगाच्या आधी हा माणूस त्या गाडीवर चढून उभा राहायचा. अडलेला बोल्ट निघेना तर हातोडी, हातोडीने निघेना तर घण. मडगार्ड पाठीवर टाकून जिन्यावरून न्यायचा आणि ते भिंतीला आपटलं तर भिंतीला दोष द्यायचा. रंग झाल्यावर त्याने अंगठी काढली, घड्याळ काढलं, पट्ट्याचं बक्कल टोचेल म्हणून पायजमा घालून काम करू लागला. अंगणात येणाऱ्या प्रत्येकाच्या शर्टाच्या बटणांकडे तो संशयाने बघे. जी गाडी डोंगरदऱ्यांत, चिखलात, बर्फात तुडवली जाण्यासाठी बनली, तिच्याजवळून जाताना आईने पदर सावरून घ्यावा अशी त्याची अपेक्षा होती. मांजर बॉनेटवर बसतं म्हणून बॉनेट घरात आलं.

तसे बाकीचे भागही घरातच होते. गाडी खोलली की ती घरभर पसरते. पुढच्या सीटा बैठकीच्या खोलीत होत्या आणि खरं सांगायचं तर आमच्या सोफ्यापेक्षा बऱ्या होत्या. मागचे दोन समोरासमोरचे बाक आईने जेवायच्या टेबलाला लावून घेतले. स्टीअरिंग व्हील देवघराशेजारच्या खुंटीवर लटकलं. हेडलाईट गव्हाच्या कोठीत होते, कारण तिथे कुणी हात घालत नाही, असं दादाचं म्हणणं, आणि तिथे रोज हात घालणारी वहिनी गप्प होती. नट-बोल्ट श्रीखंडाच्या डब्यांत. प्रत्येक डब्यावर पट्टी, पट्टीवर दादाचं अक्षर: 'डावं मडगार्ड, आतून', 'रेडिएटर, वरचे दोन', 'बहुतेक गिअर बॉक्स'. यातला तो 'बहुतेक' पुढे फार महागात पडला. पण महिनोन्‌महिने या सगळ्याची सवय झाली होती. जोडणी सुरू झाली आणि एकेक वस्तू अंगणात जाऊ लागली, तशी घरातूनच कुरकुर सुरू झाली. बाक परत नेताना आई म्हणाली, "एक राहू दे ना. चौघं कुठं बसणार आहेत मागे?"

पहिला अडथळा आट्यांचा. रंगाऱ्याने मन लावून रंग मारला होता. इतका, की बोल्टांच्या भोकांतही मारला होता. बोल्ट लावायला जावं तर एक आटा आत जाऊन थांबे. पाना लावून जोर करावा तर आटेच वाकडे जायचे आणि भोवतालच्या रंगाचा टवका उडायचा. सरदारजींनी टॅपचा संच दिला. तो भोकातून फिरवला की मोतिया रंगाचे बारीक कुरळे कीस बाहेर पडत. दादा प्रत्येक किसाकडे बघून उसासा टाके. रंगाचे पैसे त्याने दिले होते.

दुसरी गोष्ट काकांनी शिकवली. बॉडी परत चॅसीवर ठेवताना मध्ये रबरी गुटके येतात आणि त्यांतून लांब बोल्ट खाली उतरतात. दादाने पुढचा बोल्ट घातला आणि कसायला घेतला. काकांनी त्याचा हातच धरला. म्हणाले, आधी सगळे बोल्ट लाव. हाताने, दोन-दोन आटे. पाना खाली ठेव. सगळे बसले की मग थोडं इकडे कस, थोडं समोरासमोर तिकडे कस. एक कोपरा आधी आवळलास तर समोरच्या कोपऱ्यातलं भोक बोटभर सरकेल, मग तू सब्बल घालून बॉडी ओढशील, आणि मग तुझा हा मोतिया की काय तो... त्यांनी हाताने उडून गेल्याची खूण केली. दरवाजांचंही तसंच. बिजागरीचे स्क्रू ढिले ठेवून दरवाजा आधी लटकवायचा, लावून बघायचा, वर-खाली करायचा, फट चारी बाजूंनी सारखी दिसली की मग कसायचं. ती चारी बाजूंनी सारखी कधीच दिसत नाही. हाताने जोडलेल्या गाडीच्या डाव्या आणि उजव्या अंगात फरक असतोच. नवा रंग तो फरक लपवत नाही, उलट चकाकून दाखवतो. ऑलिव्ह ग्रीन मॅट असतो, त्यात सगळं खपून जातं. फौजेला हे ठाऊक असणार.

काका येत, बसत, काम बघत, पण रंगाविषयी एक शब्द बोलत नसत. लाईनीवर रंग बघायला कुणाला वेळ होता, असं एकदाच म्हणाले. त्यांच्या लेखी रंग म्हणजे गंज धरू नये म्हणून लावायची वस्तू. त्यांच्यासोबत आणखी दोघे येऊ लागले, एक गन कॅरेजमधले, एक खमरियातले. गन कॅरेजवाल्यांना कुठलाही बोल्ट बारीक वाटे. खमरियावाले लांब उभे राहत. जन्मभर बारूदजवळ काम केलेला माणूस पेट्रोलच्या डब्याशेजारी बसत नाही. तिघांची मतं तीन असत आणि दादा तिन्ही ऐकून वहिनीकडे बघे.

काच बसवण्याचा दिवस मात्र सगळ्यांच्या एकमताचा होता. या कामाची जुनी युक्ती आहे आणि ती ज्याने पहिल्यांदा शोधली त्याचं कौतुक व्हायला हवं. काचेभोवती रबराची बीडिंग चढवायची. बीडिंगच्या बाहेरच्या खाचेत नायलॉनची दोरी फिरवायची आणि तिची दोन्ही टोकं आत लोंबू द्यायची. सगळीकडे साबणाचं पाणी. मग बाहेरच्याने काच चौकटीवर तळव्यांनी दाबून धरायची आणि आतल्याने दोरी हळूहळू ओढत जायचं. दोरी निघते तसा रबराचा ओठ उलटून पत्र्यावर चढतो आणि काच जागेवर बसते. बाहेरून दाबणारा आणि आतून ओढणारा यांचं जमलं तर दहा मिनिटांचं काम. नाही जमलं तर काच फुटते. दादाने आत बसायला मला सांगितलं. काकांनी मला उठवलं आणि वहिनीला बसवलं. "संसार करताय ना दोघं? मग जमेल." जमलं. ओढताना वहिनीचा शब्द एकच होता, "दाब", आणि दादाचा एकच, "थांब". तसे ते दोघे एरवीही एवढंच बोलतात.

मग वायरिंग. नव्या रंगाखालून जुने धागे परत ओवायचे. पत्र्याच्या भोकाची कड वायर कापते, म्हणून प्रत्येक भोकात रबराचं ग्रोमेट. प्रत्येक कडेवर मास्किंग टेप. दादाच्या बोटांना जितकी टेप लागली होती तितकी रंगाऱ्याने सबंध कामात वापरली नसेल. संध्याकाळी बॅटरी लावली. घरचे, गल्लीतले, तिन्ही फॅक्टऱ्या, सरदारजी, असे सगळे अंगणात. दादाने बटण ओढलं. काही नाही. इंडिकेटर नाही, हॉर्न नाही. एक दिवा लागला, तोही देवाजवळच्या निरांजनापेक्षा मंद, आणि ब्रेक दाबला की तोही विझायचा.

फ्यूज बघितले, चांगले. बल्ब काढून थेट बॅटरीला लावून बघितले, लख्ख. वायरी टेस्टरने तपासल्या, वीज येत होती. दादाचा चेहरा उतरला. वायरिंगवाल्याला फोन करायची भाषा सुरू झाली. काका उठले. खिशातून चाकू काढला. फॅक्टरीतल्या माणसाच्या खिशात चाकू का असतो हे विचारायचं नसतं. मडगार्डच्या आतल्या बाजूला जिथे दिव्याच्या वायरीचा छोटा स्क्रू बसतो, तिथला स्क्रू त्यांनी काढला. आणि कुणी काही म्हणायच्या आत तिथला रंग खर्रकन् खरवडला.

दादाच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी लिहू शकत नाही.

जुन्या गाड्यांत दिव्याला एकच वायर जाते. बॅटरीकडे परत येण्याचा रस्ता म्हणजे गाडीचं अंग. वीज पत्र्यातून, चॅसीतून परत जाते; या परतीच्या रस्त्याला 'अर्थ' (अर्थिंग) म्हणतात. आणि रंग वीज जाऊ देत नाही. जितका जाड, जितका गुळगुळीत, जितका मन लावून मारलेला, तितका पक्का अडवतो. आमच्या रंगाऱ्याने कुठेही कसर ठेवली नव्हती, त्यामुळे विजेला परतायला वाटच उरली नव्हती. काकांनी रुपयाएवढी जागा पांढऱ्या पत्र्यापर्यंत घासली, खाली दातेरी वायसर घातलं, स्क्रू आवळला, वर बोटभर व्हॅसलीन फासलं, गंज धरू नये म्हणून. "लाव." डावा हेडलाईट पेटला. इतका, की समोरच्या घरातली आजी खिडकी लावून घेऊ लागली.

मग उजवीकडे खरवडलं. मग मागे, दोन्हीकडे. हॉर्नखाली. इंजिनापासून चॅसीला जाणाऱ्या जाड पट्टीखाली. दरवेळी दादा मान फिरवायचा आणि दरवेळी एक दिवा वाढायचा. शेवटच्या दोन जागा त्याने स्वतःच खरवडल्या, काकांचा चाकू मागून घेऊन. त्या रात्रीनंतर अंगठी त्याच्या बोटात परत आली. दुसऱ्या दिवशी मांजर बॉनेटवर झोपलं होतं, त्याला कुणी उठवलं नाही. नव्या गाड्यांत मागचा बम्पर घासला तर माणसं आठवडाभर बोलत नाहीत. आमच्या अंगणात सेवानिवृत्तांनी चाकूने मडगार्ड खरवडलं आणि वर त्यांना जिलेबी मिळाली. खोव्याची, जबलपुरी.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगतो, कारण ते थोडक्यात झालं नाही. रंग बदलला की आरसीवर नोंद करावी लागते. पंधरा वर्षांवरच्या खाजगी गाडीची नोंदणी तपासणीनंतर पाच-पाच वर्षांसाठी वाढते. 2021 च्या नियमांनी 50 वर्षांवरच्या गाड्यांना विंटेज असा मान दिला, त्यांच्या नव्या नोंदणीला 20,000 रुपये पडतात. पहिल्यावहिल्या जोंगांना आता तो मान मिळू शकतो. दादाची त्यानंतरची. ती विंटेज नाही, नुसती म्हातारी आहे. कार्यालयातल्या साहेबाने रंगाच्या रकान्यात 'मोतिया' लिहायला नकार दिला आणि 'क्रीम' लिहिलं. वहिनीला तो शब्द अजून मान्य नाही.

आता ती ग्वारीघाटापर्यंत जाते आणि परत येते. नर्मदेच्या रस्त्याला लोक वळून बघतात. कुणी जुना फौजी दिसला की तो आधी हसतो, मग जवळ येऊन बॉनेटवर जोरात थाप मारतो. दादा आता दचकत नाही. काका मात्र तिच्यात बसत नाहीत. ज्या गाड्या त्यांनी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला फॅक्टरीत बांधल्या, त्यांतली एकही त्यांनी कधी चालवली नव्हती, आता काय बसायचं, असं म्हणतात. व्हेइकल फॅक्टरी 2021 च्या ऑक्टोबरपासून एका नव्या सरकारी कंपनीखाली गेली आहे. त्याविषयी काकांचं मत वेगळ्या लेखाचं आहे.

एक काम राहिलं आहे. मागच्या फाळक्याची डावी खिट्टी आम्हाला अजून मिळालेली नाही. सध्या तिथे सुतळी आहे. रांझीत, रिछाईत, सदरमध्ये किंवा कुठल्याही फॅक्टरी क्वार्टरच्या माळ्यावर जोंगाची एखादी खिट्टी पडून असेल तर गोरखपूर बाजारात कुणालाही विचारा, मोतिया जोंगा कुठे राहते ते सांगतील. खिट्टी गंजलेली चालेल, वाकलेली चालेल. ऑलिव्ह ग्रीन असली तरी चालेल, घासायला आमच्याकडे चाकूवाले काका आहेत.